नवें यंत्र आणि जुना संसार

नवें निर्माण करणाऱ्याला जगांत जितका मान मिळतो तितका जुन्याची सोय लावणाऱ्याला मिळत नाहीं. इमारत उभी करणाऱ्याचें नांव कोनशिलेवर कोरलें जातें. परंतु त्या इमारतींत राहावयास येणाऱ्यांचीं भांडींकुंडीं, देव्हारा आणि कागदपत्रांच्या पेट्या जिन्यावरून वर कशा जातील, ह्याचा ज्यानें आधीं विचार केला, त्याची आठवण कोणी ठेवीत नाहीं. जिना अरुंद निघाला म्हणजे मात्र त्याची उणीव सर्वांना एकदम भासते. संगणकाच्या गेल्या साठपासष्ट वर्षांच्या इतिहासाकडे पाहिलें असतां मला असें वाटतें कीं, तेथील कित्येक नामांकित पराभवांचें कारण हा अरुंद जिनाच आहे.

आमच्या घरांत हा विषय नेहमींच्या वादाचा होऊन बसला आहे. माझे थोरले बंधु, ज्यांना लहानथोर सगळे आप्पा म्हणतात, आणि त्यांचाच मुलगा हे दोन पक्ष. पुतण्या संगणकाच्या व्यवसायांत आहे. त्याचें म्हणणें असें कीं, नवें यंत्र खरोखरच चांगलें असेल तर त्यानें जुन्याची पर्वा करण्याचें कारण नाहीं; गुण असले म्हणजे लोक आपण होऊन येतात. आप्पांचें मत ह्याच्या अगदीं उलट. ते म्हणतात, "लोक यंत्र विकत घेतच नाहींत. आपलें चालतें काम पुढें चालावें म्हणून ते पैसे मोजतात. तें काम ज्या दिवशीं अडेल त्या दिवशीं तुझ्या गुणांना कोण विचारतो?" दोघेहि हट्टी आणि दोघेहि वाचलेले, त्यामुळें वाद मिटण्याचें लक्षण नाहीं. दोघांचीं प्रमाणें ऐकतां ऐकतां माझें जें मत बनलें तें आज वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें. कारण हा प्रश्न आतां केवळ कारखानदारांचा राहिलेला नाहीं. प्रत्येक सुशिक्षित घराच्या कपाटांत त्याचा कांहींना कांहीं अंश पडलेला आहे.

प्रथम प्रश्न नेमका काय तें पाहूं. संगणक म्हणजे नुसतें यंत्र नव्हे. यंत्राला कळणाऱ्या आज्ञांची एक ठराविक भाषा असते; त्या भाषेंत रचलेले प्रोग्राम असतात; त्या प्रोग्रामांच्या साहाय्यानें सांठविलेले हिशेब, पत्रें, चित्रें असतात; आणि ह्या सर्वांच्या जोडीला, तें सगळें वापरणाऱ्या माणसांच्या बोटांना जडलेली संवय असते. एका जातीच्या यंत्रासाठीं लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या जातीच्या यंत्राला एक अक्षरहि कळत नाहीं. म्हणून यंत्र बदलणें म्हणजे एक वस्तु टाकून दुसरी आणणें नव्हे, तर सबंध संसार हलविणें होय. अशा स्थितींत जुन्याशीं कसलाहि मेळ न ठेवणारें नवें यंत्र यशस्वी होऊं शकेल काय, हा वादाचा मुद्दा.

आप्पांचा पहिला साक्षीदार बराच जुना आहे. अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें १९५९ सालीं '१४०१' ह्या क्रमांकाचा संगणक जाहीर केला. अशीं दहा हजारांहून अधिक यंत्रें पुढें तयार झालीं. कारखान्यांचीं पगारपत्रकें, विम्याचे हप्ते, बँकांच्या खतावण्या हीं सर्व कामें त्यांच्यावर चालूं लागलीं आणि त्या कामांसाठीं असंख्य प्रोग्राम लिहिले गेले. कांहीं वर्षांत कंपनीला दिसून आलें कीं, आपल्याच निरनिराळ्या यंत्रांच्या भाषा एकमेकींना कळत नाहींत. तेव्हां तिनें एकाच भाषेंत बोलणाऱ्या लहानमोठ्या यंत्रांचें एक नवें घराणें रचावयास घेतलें. तेंच 'सिस्टिम ३६०'. त्यावर झालेला खर्च पांच अब्ज डॉलरांच्या घरांत गेला असें सांगतात. परंतु ह्या नव्या घराण्याची भाषा १४०१ च्या भाषेहून सर्वस्वी निराळी होती.

ही अडचण प्रतिस्पर्ध्यानें अचूक हेरली. १९६३ च्या डिसेंबरांत हनीवेल कंपनीनें '२००' क्रमांकाचें यंत्र पुढें आणलें. तें १४०१ पेक्षां वेगवान तर होतेंच. परंतु त्याच्या जोडीला 'लिबरेटर', म्हणजे मुक्तिदाता, अशा डौलदार नांवाची एक सोय होती. १४०१ साठीं लिहिलेले प्रोग्राम ती नव्या यंत्राच्या भाषेंत उतरवून देई. आयबीएमच्या गिऱ्हाइकांना आपला संसार जसाच्या तसा उचलून शेजारच्या घरीं नेण्याची वाट मोकळी झाली. आयबीएमच्या मंडळींनीं ह्यावर जो उपाय केला तो मोठा मार्मिक होता. नव्या घराण्यांतील लहान यंत्रांत, आज्ञांचा अर्थ लावणारा जो अंतर्भाग असतो त्यांत, त्यांनीं १४०१ ची भाषाहि बसविली. ७ एप्रिल १९६४ रोजीं सिस्टिम ३६० जाहीर झालें तें ह्या सोयीसह. गिऱ्हाइकानें नवें यंत्र घ्यावें, आज त्यावर जुनाच प्रोग्राम चालवावा, आणि सवडीनें नवा लिहावा! त्या घराण्याचे वंशज आजहि मोठमोठ्या बँकांतून काम करीत आहेत.

दुसरा साक्षीदार अलीकडचा. इंटेल आणि ह्यूलेट-पॅकार्ड ह्या दोन बलाढ्य कंपन्यांनीं १९९४ सालीं हातमिळवणी करून नव्या धर्तीच्या एका मुख्य चकतीची आखणी जाहीर केली. 'इटॅनियम' ह्या नांवानें ती २००१ सालीं बाजारांत आली. जुने प्रोग्राम तिच्यावर चालत, पण रखडत चालत. १९९९ पासून जुळवाजुळव करीत असलेल्या एएमडी ह्या मानानें लहान कंपनीनें नवी भाषा न रचतां जुन्याच भाषेंत भर घातली आणि २००३ सालीं 'ऑप्टेरॉन' आणली. तिच्यावर जुने प्रोग्राम पूर्ण वेगानें चालत आणि नवे त्याहूनहि मोठे व्याप उचलीत. पुढल्याच वर्षीं खुद्द इंटेलला तीच वाट धरावी लागली. इटॅनियमची अखेरची रवानगी २०२१ सालीं झाली.

आप्पांचा तिसरा दाखला त्यांच्या विशेष आवडीचा आहे. मायक्रोसॉफ्टनें २०१२ सालीं 'विंडोज आरटी' नांवाची प्रणाली पाटीसारख्या एका सुटसुटीत संगणकावर विकावयास काढली. नांव विंडोज, तोंडवळाहि विंडोजचा. पण बरोबर दिलेले मोजके प्रोग्राम सोडले तर घरोघरचा जुना एकहि प्रोग्राम त्यावर चालेना. पुढल्या वर्षीं त्या पाटीपायीं कंपनीला ९० कोटी डॉलर तोट्याच्या खातीं मांडावे लागले. "परक्यानें ओळख दिली नाहीं तर माणूस रागावत नाहीं," आप्पा म्हणतात, "पण आपल्याच माणसानें ओळख दिली नाहीं तर तें सहन होत नाहीं."

आतां पुतण्याची बाजू. तो म्हणतो, "आप्पा, तुम्ही हरलेल्यांची यादी वाचतां, जिंकलेल्यांची कां वाचीत नाहीं?" १९८४ च्या जानेवारींत ॲपल कंपनीनें 'मॅकिंटॉश' आणला. त्याच कंपनीच्या 'ॲपल टू' ह्या लोकप्रिय यंत्राचा एकहि प्रोग्राम त्यावर चालत नसे. तरीहि मॅकिंटॉश टिकला आणि त्यानें संगणकाचें रूपच पालटलें. २००७ सालीं आलेल्या आयफोननें तर त्यापूर्वींच्या कोणत्याहि फोनच्या प्रोग्रामांना दारांत उभें केलें नाहीं; तरी त्याचें यश सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे.

हे दाखले खोटे नाहींत. पण ते जरा जवळ जाऊन पाहिले पाहिजेत. मॅकिंटॉशचा आरंभींचा गाजावाजा ओसरल्यावर त्याची विक्री रोडावली होती. त्याला सांवरलें तें १९८५ सालच्या दोन गोष्टींनीं: 'लेझररायटर' हें छपाईचें यंत्र आणि 'पेजमेकर' हा पानें जुळविण्याचा प्रोग्राम. टेबलावर बसून एकट्या माणसानें सबंध पान रचावें आणि तें छापून हातांत घ्यावें, हें काम त्यापूर्वीं लहान संगणकावर ह्या तऱ्हेनें होतच नव्हतें. ज्या कामाला जुना संसारच नाहीं तेथें जुन्याशीं मेळ कोणी मागावा? आणि मॅकिंटॉशचे पाय स्थिरावेपर्यंत कंपनीचा चरितार्थ चालत होता तो ॲपल टूच्याच मिळकतीवर! त्या घराण्यांतील शेवटचें यंत्र १९९३ पर्यंत विकलें जात होतें. आणि १९९१ मध्यें कंपनीनेंच मॅकिंटॉशच्या एका नमुन्यांत बसविण्यासाठीं अशी एक पट्टी काढली कीं, तिच्यायोगें ॲपल टूचे प्रोग्राम त्यावर चालावे. आयफोनचेंहि तसेंच. जुने प्रोग्राम त्यानें घेतले नाहींत हें खरें, पण लोकांचीं ई-पत्रें त्यांत आलीं, जगांतील वेबपानें त्यांत दिसलीं, आणि आधीं सांठविलेलीं गाणींहि त्यांत वाजलीं. फोनवरच्या प्रोग्रामांत तोंवर फारशा कोणाचा जीव गुंतलेला नव्हता; ज्यांत गुंतलेला होता त्याला मात्र प्रवेश होता.

असें असलें तरी आप्पांच्या पारड्यांत सगळें वजन टाकणें मला जमत नाहीं. कारण केवळ जुन्याशीं मेळ ठेवून कोणी तरलें असें नाहीं. आयबीएमची 'ओएस टू' ही प्रणाली १९९२ च्या आवृत्तींत डॉसचे आणि विंडोजचे प्रोग्राम उत्तम तऱ्हेनें चालवीत असे. परिणाम उलटा झाला. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनीं विचार केला, विंडोजसाठीं लिहिलेलें येथेंहि चालतेंच, मग ओएस टूसाठीं वेगळे श्रम कशाला? तिचें स्वतःचें असें वाङ्मय पुरेसें निर्माण झालेंच नाहीं आणि ती मागें पडली. जुन्याची सोय हें दार आहे. दारावांचून घरांत शिरतां येत नाहीं. पण आंत जाऊन बसावें असें कांहीं नसेल तर नुसत्या दारासाठीं कोण मुक्काम करील?

येथवर आलें म्हणजे वादाचा निकाल कोणत्या बाजूनें लावावा तें दिसूं लागतें. जेथें जमीन मोकळी आहे तेथें नव्यानें खुशाल नवें घर बांधावें; जुन्याची आठवण ठेवण्याचें त्याला बंधन नाहीं. पण जेथें माणसें आधींच राहत आहेत, जेथें त्यांचे श्रम सांठलेले आहेत, तेथें त्या श्रमांना वाट दिल्याखेरीज नवें सहसा रुजत नाहीं. मात्र ह्या 'सहसा'लाहि अपवाद आहे. कधीं कधीं नवें इतकें गरजेचें असतें कीं, जुन्याशीं मेळ नसतांहि तें जिंकतें. अशा वेळीं जो प्रश्न उरतो तो आप्पांच्याहि ध्यानांत आला नव्हता आणि पुतण्याच्याहि नाहीं. तो प्रश्न असा: संसार हलविण्याचा खर्च कोणी द्यावयाचा? ह्याचें उत्तर आमच्या घराला पुस्तकांतून नव्हे, अनुभवानें मिळालें.

आमचे धाकटे काका, नाना, निवृत्त झाल्यावर आमच्या कुळाच्या कुलवृत्तांताच्या मागें लागले. रत्नागिरीपासून इंदूर-बडोद्यापर्यंत विखुरलेल्या घरांना त्यांनीं पत्रें पाठविलीं आणि आलेली माहिती स्वतः संगणकावर मराठींत लिहून काढली. १९९९ सालीं ग्रंथ छापून झाला. पण नानांना एक गोष्ट टोंचत राहिली. छापील वंशावळींत मुलींची शाखा लग्नापाशीं तुटत होती, आणि कित्येक सुनांचें माहेरचें नांव व आडनांव दिलेलेंच नव्हतें. पुढें बारा वर्षें ते तीं नांवें मिळवीत राहिले. वृद्ध बायकांना फोन करावा, लग्नपत्रिका शोधाव्या, आणि मिळेल तें त्या संगणकांतील प्रतींत घालावें, असा त्यांचा क्रम होता. ही भर कोठें छापली गेली नाहीं. ती फक्त त्या प्रतींत होती. २०११ मध्यें नाना गेले. कांहीं काळानें त्यांचा संगणकहि बंद पडला. जपून ठेवलेली प्रत नव्या संगणकावर उघडली तेव्हां पडद्यावर दिसलीं तीं रोमन अक्षरें, टिंबें आणि चित्रविचित्र खुणा. एकहि नांव वाचतां येईना.

ह्याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. त्या काळीं छपाईसाठीं जे मराठी फाँट वापरीत त्यांची युक्ति अशी होती कीं, संगणकाला वाटावें रोमन अक्षर आलें, आणि पडद्यावर मात्र त्या जागीं देवनागरीचा एखादा तुकडा दिसावा. अर्धा 'क', काना, वेलांटी असे ते तुकडे. कोणता तुकडा कोणत्या रोमन अक्षराच्या जागीं बसवावयाचा हें ज्यानें त्यानें आपल्या मर्जीनें ठरविलेलें. फाँट गेला कीं अर्थ गेला! युनिकोडची योजना ह्याहून निराळी. १९९१ सालीं निघालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक मिळाला, आणि त्याची मांडणी भारतीय संकेतावरूनच घेतलेली होती. आज मोबाइलवर आपण सहज मराठी लिहितों तें ह्या योजनेमुळें. तिचें यश निर्विवाद आहे.

पण त्या यशाचा खर्च सर्वांना सारखा पडला नाहीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. १९९२ सालीं केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक ह्या दोघांनीं युनिकोड लिहिण्याची 'यूटीएफ-८' ही पद्धति बसविली. तिची खुबी ही कीं, साध्या इंग्रजींत आधीं लिहिलेला मजकूर एक अक्षरहि न बदलतां नव्या पद्धतींत बरोबर ठरावा. इंग्रजीचा संसार एक भांडें न हलवितां नव्या घरांत आला. आमचा मात्र सगळा बांधून न्यावा लागला. ह्यांत कोणाचा द्वेष नव्हता. इंग्रजीच्या अक्षरांना १९६३ पासून एक सर्वमान्य क्रम होता, त्यामुळें त्याच्याशीं मेळ ठेवणें शक्य झालें. आमच्याकडे १९९१ चा सरकारी संकेत असूनहि छपाईचे फाँट आपापल्या वाटेनें गेले. जितके फाँट तितके क्रम. नव्यानें मेळ ठेवावा तरी कोणाशीं? जुन्याची सोय लावावयाची तर जुन्याच्याहि अंगीं कांहीं शिस्त असावी लागते.

नानांची प्रत वाचनीय करण्याचें काम पुतण्यानें अंगावर घेतलें. कोणती खूण म्हणजे कोणता तुकडा ह्याचें कोष्टक त्यानें छापील ग्रंथाशीं ताडून तयार केलें. नुसत्या अदलाबदलीनें भागेना. जुन्या फाँटमध्यें पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं लिहिलेली असे, युनिकोडमध्यें ती अक्षरानंतर यावी लागते. रफाराचें नेमकें उलट. तीन महिने संध्याकाळच्या वेळीं तो हें करीत होता आणि काकू, म्हणजे नानांची पत्नी, छापील ग्रंथ मांडीवर घेऊन एकेक नांव वाचून दाखवीत होत्या. ग्रंथांतील नांवें अशीं ताडून घेतां आलीं; पण त्यानंतरच्या भरीला पडताळा कोठला? फाँटची आवृत्ति मध्यें बदललेली असल्यामुळें कांहीं जोडाक्षरें नीट उतरेनात. इंदूरच्या एका नव्वदी उलटलेल्या आत्यांनीं फोनवर पुष्कळशा सुनांचीं माहेरचीं नांवें सांगितलीं. तरी अखेर तीन नांवें लागलींच नाहींत. तीं सांगूं शकणारें माणूस आतां कोणी उरलेलें नाहीं. नव्या प्रतींत त्या तिघींच्या नांवांपुढें रिकामी जागा सोडली आहे.

काम संपल्यावर पुतण्यानें जुना वाद पुन्हां काढला नाहीं, आणि आप्पांनींहि जिंकल्याचा आव आणला नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "आतां ही प्रत किती वर्षें वाचतां येईल?" पुतण्यानें विचार करून सांगितलें, "खुल्या संकेतांत आहे, म्हणून पुष्कळ वर्षें. तरी एक कागदावर छापून ठेवूं." काकूंनीं ती छापील प्रत स्वतःच्या हातानें बांधून घेतली.

मला वाटतें, नवीं यंत्रें जुन्याशीं मेळ न ठेवतां यशस्वी होतील कीं नाहीं, ह्याचें उत्तर बाजार देतच राहील. आणि तें कधीं आप्पांसारखें असेल, कधीं पुतण्यासारखें. पण गृहस्थाश्रमी माणसानें विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. हें यंत्र जिंकेल काय, हें न विचारतां, माझें आजवरचें लिहिलेंसांठविलेलें ह्यांत येईल काय, आणि उद्यां ह्यांतून बाहेर काढतां येईल काय, हें त्यानें दुकानांतच विचारून घ्यावें. जुना संगणक घरांतून जाण्यापूर्वीं त्यांतील मराठी मजकूर उघडून पाहावा, युनिकोडमध्यें उतरवून घ्यावा, आणि ज्यांना पडताळा देतां येईल अशीं वडील माणसें घरांत आहेत तोंवरच तो वाचून घ्यावा. यंत्राला जोड मिळते, दुरुस्तीहि मिळते. स्मरणाला ती मिळत नाहीं. ज्या घरांत अशी एखादी प्रत जुन्या तबकडीवर पडून असेल, त्यांनीं ह्या कामाला येत्या सुटींतच हात घालावा.